गल्ली कोणत्या रंगात?

बेशतोल गल्ली, ओकतेपा
४ मार्च

नझोकत,

माझ्या बहिणीची लेक हाकिमकचेरीत साहेबीण झाली, हे ऐकून ऊर भरून आला. 'रहिवासी संवाद कक्ष' उघडलाय आणि त्याची प्रमुख तू, असं तुझी आई बाजारात भेटेल त्याला सांगतेय. कोबीवाल्यालाही सांगून झालं. मी लगेच तुला फोन केला. तू म्हणालीस, "खालाजान, बैठकीत आहे." दुसऱ्या दिवशी केला, तर बैठकीतच. इतकं बसून पाठ धरेल गं पोरी. माझा दीर सोबिर म्हणतो, संवाद कक्षात बोलायला मनाई असते, म्हणून तर त्याला वेगळी खोली दिली. मग आठवलं, ईदला तूच सांगितलं होतंस: फोनला कुणी विचारत नाही, पण लेखी अर्जाला पंधरा दिवसांत उत्तर द्यावंच लागतं, कायदा आहे. म्हणून बसने वीस मिनिटांवर बसणाऱ्या भाचीला अर्ज लिहितेय.

विषय माझ्या शुहरतच्या लग्नाचा. कालव्यापलीकडे अनोरझोर गल्लीत राहबर ओपा राहतात, त्यांची मुलगी मुनिरा. मुलगी गोड आहे, हसली की खोली उजळते, आणि आमचा ठोंब्या तिच्यापुढे चहा सांडतो, म्हणजे त्याच्याही मनात आहे. सगळं जुळलं. रविवारी रोटी मोडून सोयरीक पक्की करायची ठरली. मी स्वतः भाजलेल्या तिळाच्या रोट्या घेऊन गेले. राहबर ओपांनी रोटी हातात घेतली, आणि मोडायच्या आधी विचारलं, "मस्तुरा ओपा, नव्या नकाशात तुमची गल्ली कोणत्या रंगात आहे?"

मी म्हटलं, "आमची गल्ली बारा महिने धुळीच्या रंगात असते."

कुणी हसलं नाही. त्या म्हणाल्या, "शहराचा नवा आराखडा झालाय म्हणे. तपकिरी रंगात गेलेली घरं पाडणार. मी मुलगी घरात द्यायची की तंबूत?" आणि रोटी फडक्यात गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवली. मुलाची आई अख्खी रोटी बगलेत धरून परत आली म्हणजे सोयरीक अडली, हे आमच्या गल्लीतल्या कोंबड्यांनाही कळतं. त्या दिवशी सगळ्यांनी मला येताना पाहिलं.

तर आमची गल्ली कोणत्या रंगात, तेवढं सांग. एका शब्दाचं उत्तर आहे.

तुझी मस्तुरा खाला


ओकतेपा शहर हाकिमकचेरी
रहिवासी संवाद कक्ष
१८ मार्च

महोदया,

आपला दिनांक ४ मार्चचा अर्ज प्राप्त झाला. आपण उपस्थित केलेल्या रंगविषयक मुद्द्याबाबत कळविण्यात येते की, शहराचा प्रारूप विकास आराखडा जानेवारीपासून नागरिकांच्या अवलोकनार्थ उपलब्ध आहे. सदर क्षेत्र 'वाढीव मजल्यांचे संमिश्र सार्वजनिक-व्यावसायिक क्षेत्र' या वर्गात प्रस्तावित आहे. हरकती व सूचना विहित मुदतीत सादर कराव्यात. आपल्या सक्रिय नागरिकत्वाबद्दल आभार.

(मागच्या बाजूला, हाताने)

खालाजान, रागावू नका. पुढच्या बाजूचा मजकूर ठरलेला असतो, त्यात मला फक्त तारीख आणि 'रंगविषयक' हा शब्द घालता आला. तोसुद्धा दोन सह्यांनंतर.

नकाशा खरंच लावलाय, तळमजल्यावर काचेच्या कपाटात. कपाटाला पडदा आहे, उन्हानं रंग उडू नयेत म्हणून. किल्ली पहारेकऱ्याकडे असते, आणि पहारेकरी एक तर जेवायला गेलेला असतो नाही तर मुलीकडे. फोनवर आम्ही बातम्यांची वाहिनीही काढलीये. तिला चौदा जण जोडलेत, चौदाही कचेरीतलेच. काळजी करू नका, हा नुसता प्रस्ताव आहे.

खरी काळजी माझी आहे. पुढच्या महिन्यात तुमच्या मोहल्ल्याची जनसुनावणी. मागच्या मोहल्ल्यात दोन माणसं आली: एकाला शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल सांगायचं होतं, दुसऱ्याला पाऊस थांबेपर्यंत बसायचं होतं. आमचे नायब हाकिम बोतिर सोलियेविच म्हणाले, "यावेळीही खुर्च्याच ऐकणार असतील तर उन्हाळ्यापर्यंत तुमचा कक्ष बंद." ही नोकरी मिळवायला मी किती उंबरठे झिजवले ते तुम्हाला माहीत आहे. लोक कसे येतील, एवढं सांगा ना.

तुमची नझोकत


बेशतोल गल्ली
२३ मार्च

नझोकत,

दोन्ही बाजू वाचल्या. पुढची बाजू सोबिरनं मोठ्यानं वाचून दाखवली आणि वाचता वाचता त्याला डुलकी लागली. दोन पानं लिहिलीस आणि एक रंग लिहिता आला नाही तुला. ताकास तूर लागू न देणं हे तुला कचेरीत शिकवलं की आईकडून आलं? आणि संमिश्र म्हणजे काय गं? माझं घर आहेच संमिश्र: पुढे दुकान, मागे तंदूर, वर कबुतरं, खाली सोबिर.

तुमची सुनावणीची नोटीस पाहिली. विजेच्या खांबावर आहे, गटार साफ करणाऱ्याच्या जाहिरातीखाली. त्याचा नंबर वितीएवढ्या आकड्यांत आहे, म्हणून त्याला गिऱ्हाईक मिळतं. तुमची अक्षरं मुंग्यांसारखी. आणि 'सुनावणी' म्हटलं की आपल्या माणसाला वाटतं, आता काहीतरी ऐकून घ्यावं लागणार. घरी बायकोचं ऐकतोच आहे, परत तुमच्याकडे कशाला येईल?

पहाटेचा पुलाव घाल. मोहल्ल्याचे वडीलधारे, अक्साकोल इनोयतुल्ला-अका आहेत, त्यांची पांढरी दाढी दारोदार फिरव, आणि म्हणायचं एवढंच, "पुलावाला या." बाकी काही बोलायचं नाही. पुलावाला नाही म्हणणारा आपल्यात जन्मला नाही. पहाटेचा पुलाव पुरुषांचा, आम्ही बायका तिथे नसणार, ते खरं. पण पुरुष घरी येऊन सांगतील की आम्हाला. तोंड दिलंय ना त्यांना.

गाजर लांब चिरून घे, किसून नको. आणि रंग कळव. राहबर ओपांकडे दुसरं स्थळ चालत आलंय असं ऐकते.

खाला


हाकिमकचेरी
२० एप्रिल

खालाजान,

हे पत्र पहिल्या ओळीपासून हाताने लिहितेय, कारण आनंद छापील कागदावर मावत नाही. तुमची युक्ती सोन्याची ठरली! दोन मोठ्या कढया लावल्या, एक कमी पडली. अख्खा मोहल्ला आला. शेजारच्या मोहल्ल्यातलेही आले. बोतिर सोलियेविचनी उभं राहून संपूर्ण आराखडा वाचला आणि कुणी एका शब्दानं मध्ये बोललं नाही. इतकी शांत सुनावणी त्यांनी अख्ख्या नोकरीत पाहिली नव्हती. शेवटी एकमतानं संमती मिळाली. मी एकटीच बाई, म्हणून कढईपाशी उभी होते, सगळं काही नीट दिसलं नाही, पण टाळ्यांपेक्षा मोठं काहीतरी झालं असं साहेब म्हणाले.

माझा कक्ष वाचला. वर मला जूनच्या आधी राजधानीला बोलावलंय, 'आदर्श पद्धत' म्हणून भाषण करायला. रंगाबद्दल सविस्तर लवकरच.

तुमची ऋणी नझोकत


बेशतोल गल्ली
२४ एप्रिल

नझोकत,

सविस्तर राहू दे, मला कळलं. काल एक माणूस रंगाचा डबा घेऊन आला आणि आमच्या फाटकावर लाल आकडा काढून गेला. मी विचारलं, "हे काय?" तो म्हणाला, "नंबर." मी म्हटलं, "कशाचा?" म्हणाला, "खाला, मला फक्त काढायला सांगितलंय." तुझ्याच कक्षातला असावा.

आता त्या सुनावणीचं ऐक. सोबिर सकाळी मिशीला चरबी लावून घरी आला. मी दारातच धरला. "काय म्हणाले कचेरीवाले?"

"तांदूळ छान मोकळा होता, वैनी. गाजर जरा जाड."

"अरे, बोलले काय?"

"कुणीतरी बराच वेळ बोलत होता. मयताबद्दलच असणार."

"कोण मयत?"

"ते नाही विचारलं बुवा. पहाटेचा पुलाव, लग्न कुणाचं नाही, म्हणजे मयताचाच ना? शेजारी विचारणार होतो, पण बरं दिसलं नसतं. शेवटी इनोयतुल्ला-अकांनी हात उचलले, आम्ही सगळ्यांनी उचलले, आमीन म्हटलं, निघालो. कोण गेलं ते माहीत नव्हतं म्हणून मी आपली सगळ्या गल्लीसाठीच दुआ मागितली."

गल्लीसाठीच मागितली! त्या वेड्याला एकट्यालाच बरोबर कळलं होतं.

आणि आज शहराच्या वर्तमानपत्रात फोटो. खाली लिहिलंय, 'बेशतोलच्या रहिवाशांनी दोन्ही हात उंचावून नव्या आराखड्याला पाठिंबा दिला.' सगळ्यात पुढे आमचा सोबिर, दोन्ही तळवे वर, डोळे मिटलेले. स्वतःच्या लग्नालाही त्यानं इतक्या मनापासून होकार दिला नव्हता.

बाळा, जेवण झाल्यावर तळवे का उचलतात हे तुला माझ्याच मांडीवर बसून कळलं. तुझे इवलेसे हात धरून मीच तोंडावरून फिरवायचे. त्या संमतीच्या कागदावर तुझी सही आहे का? हो की नाही, तेवढंच लिही.

खाला


ओकतेपा शहर हाकिमकचेरी
रहिवासी संवाद कक्ष
८ मे

महोदया,

आपला दिनांक २४ एप्रिलचा अर्ज प्राप्त झाला. त्यातील सूचनांची (गाजराची जाडी) नोंद घेण्यात आली आहे.

(मागे)

हो.

इतिवृत्त तयार होऊन आलं होतं, 'उपस्थितांनी हात उंचावले' असं त्यात लिहिलं होतं. उंचावले तर होतेच. मी सही केली. खोटं एक अक्षर नाही त्यात, खालाजान, म्हणूनच तर इतकं वाईट वाटतं.

पुढचं ऐकलंत तर हसाल, किंवा मला माराल. प्रांताच्या कचेरीत आता फोटोतले हात मोजायचं यंत्र आलंय. त्यानं माणशी दोन हात मोजून बेशतोलची संमती एकशे शहाण्णव टक्के काढली. चार टक्के माणसांचा एक हात चहाच्या प्याल्याला गुंतलेला होता. प्रांतानं लेखी विचारणा केलीये की हे चार टक्के असंतुष्ट कोण, आणि त्यांच्याशी विशेष संवाद साधावा.

तुमची गल्ली तपकिरी आहे. जानेवारीपासून. शरद ऋतूत घरं रिकामी करायची. बदल्यात नव्या इमारतीत नवव्या मजल्यावर जागा मिळेल. तिथे लिफ्ट असते, हवा चांगली असते. तंदूर लावता येणार नाही, पण स्वयंपाकघरात दोन खिडक्या आहेत. मी काही करू शकत नाही. उद्या राजधानीला निघतेय, महिनाभर. भाषण पाठ करायचंय. मला शिव्या द्या, पण लिहीत राहा.

नझोकत


बेशतोल गल्ली
२ जून

नझोकत,

तू तिकडे आदर्श पद्धत शिकवत होतीस, तोवर इकडे आम्ही जरा सराव केला. सांगते.

तुझ्या पत्रावर मी दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी रडू संपलं आणि राग उरला. गल्लीतल्या बायका बोलावल्या. ठरलं की बोतिर सोलियेविचना पुलावाला बोलवायचं. निमित्त काय? आभार मानायचे, म्हटलं. एकशे शहाण्णव टक्केवाली गल्ली आभार मानतेय म्हटल्यावर साहेब फोटोवाल्याला घेऊन धावत आले. आमच्या अंगणात वेलीखाली जेवणाचं दस्तरखान अंथरलं. सगळ्या बायकाच. मधोमध ओइदिन बुवी, आमच्या गल्लीतली सगळ्यात म्हातारी, नव्वदीच्या पुढची, कानानं थोडी कमी, तेही तिच्या सोयीनं.

साहेब पोटभर जेवले. दोन शब्द बोलले, त्यात 'विकास' पाच वेळा. मग घड्याळ बघून तळवे उचलले, दुआ करून उठायला.

कुणीच हात उचलले नाहीत.

सगळ्या बायका हात मांडीवर ठेवून बसल्या, तुझ्या आईसकट. साहेबांचे दोन तळवे एकटेच हवेत. ते म्हणाले, "मग, ओपा? आमीन?" मी म्हटलं, "साहेब, दस्तरखानावर ओइदिन बुवी बसलेल्या असताना दुआ तुम्ही कशी करणार? मोठ्यांचा मान आहे." ते बुवीकडे वळले. बुवी म्हणाली, "माझा चहा व्हायचाय."

आता दुआ झाल्याशिवाय दस्तरखानावरून उठायचं, म्हणजे अन्नाला लाथ मारण्यासारखं. तो माणूस कितीही मोठा साहेब असो, आईनं वाढवलेलाच आहे ना! बसला. बुवीनं प्याला संपवला, आणि पुढे केला. मी भरला. ती सावकाश पीत होती, फुंकर घालून, गार झालेल्या चहालाही फुंकर घालून. बाहेर ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. फोटोवाला तर केव्हाच भिंतीला टेकून झोपला.

ऊन वेलीवरून भिंतीवर गेलं तेव्हा बुवीनं विचारलं, "बेटा, आमची गल्ली कोणत्या रंगात रे?"

साहेबांनी सुरुवात केली, "वाढीव मजल्यांचे संमिश्र..."

बुवी मला म्हणाली, "मस्तुरा, अजून ओत."

मग साहेब म्हणाले, "तपकिरी."

"तपकिरी म्हणजे?"

"पाडायची."

"आणि हे आम्हाला कधी सांगणार होतास?"

"सांगितलं होतं, बुवी. काचेच्या कपाटात आहे."

"मी कपाटात बघायला हवं होतं," बुवी आम्हाला म्हणाली. "म्हातारपणी सुचत नाही."

नकाशा गाडीत होता. मागवला, ताटं बाजूला सारून पसरला. आम्ही सगळ्या वाकून बघत होतो, आणि खरं सांगू, कुणी बोट ठेवून दाखवलं की नकाशा काही अवघड नसतो. पाच मिनिटांत कुणाची भिंत कुठे ते सगळ्यांना कळलं. साहेबांनी शेवटी खिशातून पेन काढलं, आमच्या गल्लीवरच्या तपकिरी रंगावर फुली मारली, शेजारी सही केली, तारीख घातली. तेव्हा बुवीनं हात उचलले. आमीन सगळ्यात मोठ्यानं साहेबांनीच म्हटलं.

या वेळचा फोटो मात्र वर्तमानपत्रात आला नाही.

तुझ्यावरचा राग निम्मा गेलाय. उरलेला घरी आलीस की काढीन.

खाला


हाकिमकचेरी
२० जून

खालाजान,

साहेबांनी शब्द पाळला, तुमची गल्ली पिवळी झाली. पिवळं म्हणजे राहती घरं, आहेत तशी. नकाशा बदलताना मी समोर उभी होते. या नोकरीत मला पहिल्यांदा बरं वाटलं, आणि ते साधारण एक तास टिकलं.

मग कळलं की बिल्डरला तेवढी जागा हवीच आहे. तपकिरी पट्टा पुसला नाही, फक्त कालवा ओलांडून सरकवला. तो आता अनोरझोर गल्लीवर आहे, राहबर ओपांच्या दारावरून गेलाय. त्यांची सुनावणी जुलैत, गुरुवारी, पहाटेच्या पुलावासह. राजधानीत पद्धत मंजूर झालीये, आता सगळीकडे तशीच करायची. मीच शिकवली.

हे कुणालाही सांगू नका. शुहरतच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्या. त्यांनी हरकत घेतली तर पट्टा परत तुमच्या गल्लीवर येईल, दुसरी जागाच नाही. तुम्हाला अंधारात ठेवायचं नाही, म्हणून फक्त तुम्हाला लिहिलं.

नझोकत


बेशतोल गल्ली
५ जुलै

नझोकत,

मुबारक! रोटी मोडली!

राहबर ओपा स्वतः चालत आल्या. "मस्तुरा ओपा, तुमची गल्ली पिवळी झाली असं ऐकलं. माझं चुकलं, मी घाई केली," म्हणाल्या. मीही जास्त ताणलं नाही, फक्त अर्धा तास. रविवारी त्यांच्या घरी गेलो, रोटी दोघींनी मिळून मोडली, अर्धी त्यांच्याकडे, अर्धी माझ्याकडे. लग्न सप्टेंबरात. शुहरतनं या वेळी चहा स्वतःच्याच अंगावर सांडला.

निघताना त्यांनी हळूच विचारलं, "तुमची भाची कचेरीत आहे. आमच्या गल्लीचं काही कानावर?"

मी म्हटलं, "काही असतं तर कळवलं असतं की त्यांनी."

जीभ एकदाही अडखळली नाही, याचंच मला नवल वाटलं. वाटेत कालव्याच्या पुलावर पाय जरा जड झाले, पण म्हातारपणामुळेही होतात. शपथ तूच घातली होतीस आणि मी ती पाळली. मुलगा एकतीस वर्षांचा आहे. आणि त्यांना नववा मजला मिळेलच की, लिफ्ट असते, दोन खिडक्या असतात. मुलगी तर तोवर माझ्या घरी आलेली असेल. मी काही वाईट केलं नाही ना? तू शिकलेली आहेस, सांग.

खाला


ओकतेपा
१४ जुलै

खालाजान,

हे पत्र कचेरीतून नाही, घरून लिहितेय. तुमच्यासमोर यायला तोंड नाही, म्हणून लिहितेय.

तुमचं पत्र वाचलं. खालाजान, मी 'कुणाला सांगू नका' लिहिलं, ते तुम्ही सांगावं म्हणूनच! तुमच्या तोंडात कधी तीळ भिजला नाही. लहानपणी आईला चोरून मी परीक्षेत नापास झाल्याचं तुमच्या कानात सांगितलं, तर दुपारपर्यंत बाजारातला सरबतवाला माझं सांत्वन करत होता. कचेरीची नोटीस कुणी वाचत नाही, वाहिनी कुणी ऐकत नाही, मला सही न करता काही छापता येत नाही; पण तुम्हाला शपथ घातली की अनोरझोरला संध्याकाळपर्यंत कळणार, असा माझा हिशोब होता. जन्मापासून तुम्हाला ओळखते, आणि तुम्ही नेमक्या याच वेळी गप्प बसलात. मला ते आधीच सरळ लिहायला हवं होतं. मी लिहिलं नाही, कारण तुमच्या गल्लीवर पट्टा आणण्याचं पाप मला तुमच्या हातून करवून घ्यायचं होतं, माझ्या नाही.

म्हणून काल मीच गेले, कचेरीच्या गाडीनं नाही, पायी. अनोरझोरच्या प्रत्येक फाटकावर थाप मारली. रस्त्याच्या तोंडापासून कालव्यापर्यंत. छापील काही नेलं नाही. प्रत्येक बाईला साध्या शब्दांत सांगितलं: तुमची घरं पाडणार आहेत. गुरुवारी पुलावाला बोलावतील. तुम्हीही या, आणि शेवटी हात उचलू नका.

सगळ्यांनी मला आत बसवलं. चहा दिला, जर्दाळू दिले. आणि एकीनंही विश्वास ठेवला नाही. एक म्हणाली, "कचेरीची माणसं स्वतःहून येऊन खरं सांगतात असं कधी ऐकलंय का? यात काहीतरी गोम असणार."

शेवटी राहबर ओपांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हसल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पोरी, तू दमलेली दिसतेस. तुझी सख्खी खाला त्या रविवारी इथेच, या चटईवर बसली होती. माझ्या हातातली रोटी तिनं मोडली. मी तिला तोंडावर विचारलं. आमचं घर जाणार असतं तर मस्तुरा ओपा मला सांगितल्याशिवाय उठल्या असत्या का?"

मी प्याला खाली ठेवून उठले, खालाजान. तुम्ही खोटं बोललात असं तुमच्या विहिणीला मी कोणत्या तोंडानं सांगू?

गुरुवारच्या पुलावाचे तांदूळ त्या स्वतःच्या घरी निवडताहेत. सोयरीक झाली म्हणून, मोहल्ल्याला आपल्याकडून. गुरुवारच्या आधी त्यांच्याकडे जा.

नझोकत